विश्लेषण : गाडीचे मीटर अचानक काळे का पडते? नवे बसवण्याआधी काय तपासावे?

चावी फिरवली, इंजिन सुरू झाले. पण स्टिअरिंगमागचे मीटर काळेच राहिले. वेग दिसत नाही, टाकीत पेट्रोल किती ते कळत नाही, इंजिन तापले तरी सांगणारे कोणी नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर बऱ्याचदा ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘मीटर गेले, बदलावे लागेल’. हे उत्तर काही वेळा बरोबरही असते. मात्र, ते पहिल्या पाच मिनिटांत मिळाले असेल तर बहुधा तपासणी न करताच दिलेले असते.

कारण मीटर, म्हणजे वाहन उद्योगाच्या भाषेत इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, ही एका साखळीतली शेवटची कडी आहे. बॅटरी, फ्यूज, इग्निशन स्विच, अर्थ, कपलर किंवा गाडीतील छोट्या संगणकांचे जाळे यांपैकी काहीही बिघडले, तरी अंधार होतो तो मीटरमध्येच. दहा-वीस रुपयांचा फ्यूज आणि हजारो रुपयांचे मीटर या दोन्ही बिघाडांचे बाहेरून दिसणारे रूप एकच असते. शिवाय आजच्या गाड्यांत मीटर बदलले की किलोमीटरच्या नोंदीचा आणि काही गाड्यांत चावीचाही प्रश्न उभा राहतो.

मीटर इतके गुंतागुंतीचे कधी झाले?

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत वेगाचा काटा गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालत असे. केबल फिरली की तिच्या टोकाचे चुंबक फिरे आणि त्याच्या ओढीने काटा पुढे सरके. किलोमीटरची चक्रेही त्याच केबलवर. बॅटरी काढून गाडी ढकलत नेली तरी किलोमीटर वाढत. काटा थरथरू लागला की केबलला ग्रीस, थांबला की नवी केबल. निदान तेवढ्यावर संपत असे.

आता तसे राहिलेले नाही. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो, एबीएसचे कंट्रोल युनिट तो वाचते आणि दोन वायरींच्या जाळ्यावर ‘बोलून’ दाखवते. मीटर तो आकडा ऐकते आणि काटा हलवते. या जाळ्याला कॅन बस म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर मांडली. इंजिनाचे फेरे, तापमान, उघडे दार, हँडब्रेक अशी बहुतेक माहिती याच वाटेने येते. काटे फिरवायला मीटरच्या आत नखाएवढ्या स्टेपर मोटर असतात. पूर्ण डिजिटल मीटरमध्ये तर काटाही पडद्यावरचे चित्रच असतो.

म्हणजे मीटर हा स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेला एक संगणक झाला आहे. त्याला जिवंत राहण्यासाठी चार गोष्टी लागतात. बॅटरीकडून चोवीस तास येणारा पुरवठा, चावी ऑन केल्यावर येणारा दुसरा पुरवठा, गाडीच्या बॉडीशी जोडलेली पक्की अर्थ आणि जाळ्यावरची माहिती. यातले काय तुटले आहे, हे शोधणे म्हणजे निदान. चारही गोष्टी व्यवस्थित पोहोचत असतील, तरच मीटरवर संशय घ्यायचा.

निदानाची सुरुवात कुठून करावी?

हत्यारे हातात घेण्याआधी नीट पाहण्यापासून. मीटर ‘बंद’ आहे असे म्हणताना प्रत्येक जण वेगळे काहीतरी सांगत असतो.

पहिली शक्यता अगदीच साधी. मीटरचा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ एक छोटे चाक किंवा बटण असते. धूळ पुसताना किंवा लहान मुलाच्या हाताने ते शेवटपर्यंत खाली गेले, तर डिजिटल मीटर भर उन्हात जवळजवळ विझल्यासारखे दिसते. दिवसा हेडलाइट सुरू राहिले तरी काही गाड्या मीटरचा उजेड आपोआप कमी करतात. गॅरेजमध्ये पोहोचलेल्या काही गाड्यांचा ‘बिघाड’ एवढाच निघतो.

त्यानंतरचा प्रश्न असा की, एकच काटा मेला आहे की सगळे मीटर? फक्त वेगाचा काटा शून्यावर आहे आणि एबीएसचा दिवा पेटला आहे, तर बोट चाकाजवळच्या सेन्सरकडे जाते. मीटर तर दिवा लावून खरे तेच सांगत असते. फक्त इंधनाचा काटा खोटे बोलत असेल, तर टाकीतला फ्लोट आधी तपासावा लागतो. मीटरला उजेड आहे, पण वेग आणि इंजिनाचे फेरे दोन्ही शून्यावर आणि एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंगचे दिवे एकदम पेटलेले, असे दृश्य असेल तर जाळ्यावरचा संवाद तुटल्याची शक्यता मोठी असते. अनेक गाड्यांत इंधनाच्या टाकीची वायर थेट मीटरला येते. म्हणून वेग मेला पण इंधन बरोबर दाखवत आहे, हा फार उपयोगी पुरावा ठरतो. मीटरचा वीजपुरवठा शाबूत आहे, बातमी आणणारी वाट बंद आहे, असा त्याचा अर्थ.

सगळेच काळे असेल तर इंजिन सुरू होते का, हे पाहायचे. मीटरही काळे, सेल्फही फिरत नाही, हॉर्न आणि आतला दिवाही मंद, तर मीटरचा विचारच बाजूला ठेवावा. बॅटरी किंवा तिचे टर्मिनल बघावे. हॉर्न जोरात, हेडलाइट लख्ख, पण चावी ऑन केल्यावर काहीच जागे होत नाही, तर इग्निशन स्विचचे घासलेले संपर्क संशयित. आणि बाकी सगळे उत्तम चालू असताना मीटर तेवढे मेलेले असेल, तर मीटरचा स्वतःचा फ्यूज, अर्थ, कपलर किंवा अखेर मीटर.

चावी ऑन केल्यावर पहिल्या काही सेकंदांत धोक्याचे सगळे दिवे एकदा पेटतात आणि विझतात. ही मीटरने स्वतःची आणि दिव्यांची घेतलेली चाचणी असते. ती होत असेल तर मीटरचा मेंदू जिवंत आहे. इंडिकेटरची ‘टिक-टिक’ ऐकू येते का, हेही लक्षात ठेवावे. पूर्वी हा आवाज रिलेचा असे. अनेक नव्या गाड्यांत तो मीटरमधल्या छोट्या स्पीकरचा असतो. बाहेर इंडिकेटर लुकलुकत आहेत, मीटर काळे आहे, पण टिक-टिक मीटरमागूनच येत आहे, तर बहुधा आतला पडदा किंवा त्यामागचा प्रकाश गेला आहे, पुरवठा नाही.

बॅटरी ठीक असूनही दोष तिचाच कसा?

‘गाडी सुरू होते ना, मग बॅटरी चांगलीच आहे’ हा समज अर्धाच खरा. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन सुरू असताना, अल्टरनेटर काम करत असेल तर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना व्होल्टेज क्षणभर खाली येतेच. मात्र ते साडेनऊच्याही खाली कोसळले, तर काही संगणक स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतात. सेल्फ मारताना मीटर विझून परत पेटणे, काटे एकदम शून्यावर पडून उसळणे ही त्याची खूण. कधी कधी असे अर्धवट बंद झालेले मीटर अडकून बसते, जसा मोबाइल अडकतो.

अशा वेळी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा जोडल्यास मीटर जागे होऊ शकते. पण तसे जागे झाले म्हणून प्रकरण संपत नाही. अडकले का, हा प्रश्न उरतो. सैल टर्मिनल, त्यावर साचलेला पांढरट-हिरवा थर, थकलेली बॅटरी यांपैकी काहीतरी तिथे असतेच. टर्मिनल काढल्यावर घड्याळ, काचांची स्वयंचलित सेटिंग आणि काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड जातो, याची आधी तयारी ठेवावी.

इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांनाही यातून सुटका नाही. गाडी चालवणारी मोठी बॅटरी भरलेली असली, तरी मीटर आणि संगणक वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच जागे होतात. ती बसली की ‘चार्ज ८० टक्के’ असलेली गाडीही काळी पडते.

फ्यूज पाहिला, तो चांगला आहे, पुढे काय?

‘फ्यूज बघितला’ म्हणजे कोणता बघितला, हे विचारायला हवे. मीटरला दोन पुरवठे असतात, म्हणून फ्यूजही बहुधा दोन असतात. एक नेहमी चालू राहणाऱ्या वाटेवर, दुसरा चावीनंतर चालू होणाऱ्या वाटेवर. त्यातला एक बोनेटखालच्या डब्यात आणि दुसरा डॅशबोर्डखाली असू शकतो. मालकाच्या पुस्तिकेत किंवा डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. त्यावर ‘मीटर’ शब्द असेलच असे नाही. कधी तो फ्यूज आतला दिवा, घड्याळ किंवा रिव्हर्स लाइटसोबत वाटून घेतलेला असतो. म्हणूनच मीटरसोबत आणखी काय बंद पडले, हे टिपून ठेवले तर अर्धे काम होते. मीटर आणि रिव्हर्स लाइट एकाच दिवशी गेले, तर दोघांना जोडणारा फ्यूज शोधावा.

फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही. केसाएवढी चीर दिसत नाही. जागेवरच, चावी ऑन ठेवून, फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मल्टिमीटर लावावा. दोन्हीकडे १२ व्होल्ट असतील तर फ्यूज ठीक. एकीकडेच असतील तर तो गेला. कुठेच नसतील तर वीज फ्यूजपर्यंतच आलेली नाही, म्हणजे मागे रिले किंवा इग्निशन स्विच पाहावा लागेल.

बदलताना रंग पाहावा. साडेसात अँपिअरचा फ्यूज तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. साडेसातच्या जागी १५ चा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळी लावणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणे. नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालू नये. कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे.

सर्वांत जास्त फसवणारा दोष कोणता?

अर्थ. गाडीत वीज बॅटरीच्या धन टोकातून वायरीने येते आणि परत जाते ती बहुतांशी गाडीच्या पत्र्यातून. मीटरच्या मागची काळी वायर डॅशबोर्डखाली कुठेतरी एका बोल्टने पत्र्याला आवळलेली असते. तो बोल्ट सैल झाला, त्याखाली गंज आला किंवा अपघातानंतर रंग मारताना तिथला रंग खरवडला गेला नाही, तर परतीची वाट अडते.

इथे मल्टिमीटर हमखास चकवतो. मीटरच्या कपलरवर तो लावला की चक्क १२ व्होल्ट दिसतात आणि ‘पुरवठा ठीक, म्हणजे मीटर खराब’ असा निष्कर्ष निघतो. पण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेली वायरही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. नळाची चावी बंद असताना पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, चावी उघडल्यावर धार येत नाही, तसेच हे. म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन साधा बल्ब लावून बघतात. पुरवठा आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लख्ख पेटला तरच वाट खरोखर मोकळी. पिवळट मिणमिणला तर कुठेतरी अडथळा आहे. दुकानात हे सामान ‘टेस्ट लॅम्प’ म्हणून मिळते आणि पाच मिनिटांत ते जे सांगते, ते महागड्या स्कॅनरलाही नेहमी सांगता येत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे सगळे सुरू असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे मीटरच्या अर्थ पिनवर ठेवायचे. आदर्श आकडा शून्य. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत चालते. तिथे एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोषी अर्थ आहे. बोल्ट काढून पत्रा घासून पुन्हा आवळला की मीटर पूर्ववत, आणि खर्च मजुरीपुरता.

टेस्ट लॅम्प मात्र कुठेही टोचू नये. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. तिथे वीज गेली तर एअरबॅग उघडू शकते. मीटर बाहेर काढायचे असेल तर बॅटरीचे टर्मिनल काढून काही मिनिटे थांबणे म्हणूनच आवश्यक. कॅन बसच्या एकमेकींना पीळ दिलेल्या वायरींनाही बल्ब लावू नये.

पाऊस, उंदीर आणि ‘एक्स्ट्रा फिटिंग’

दोष कुठे शोधायचा, हे बरेचदा गाडीच्या अलीकडच्या इतिहासावर अवलंबून असते. मीटर बंद पडण्याच्या आदल्या आठवड्यात गाडीला काय झाले, हे मालकाला माहीत असते आणि मेकॅनिकला नसते. ते न विचारता सुरू केलेली तपासणी लांबते.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये अशा तक्रारी येण्याचे एक कारण पुढच्या काचेखाली दडलेले असते. वायपरच्या खाली पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ आणि तिला भोके असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांनी तुंबतात. पाणी मग आतल्या बाजूने फ्यूज बॉक्स किंवा कपलरवर ठिबकते. पिनांवर हिरवट थर चढतो. ओल सुकली की मीटर पुन्हा चालू, पुढच्या सरीला पुन्हा बंद. पायाखालचे कार्पेट दाबून पाहिल्यावर हाताला ओल लागली, तर मीटर बदलूनही तक्रार परत येणार हे नक्की.

काही दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर उंदीर. बोनेटखालची ऊब त्यांना मानवते आणि वायरीचे आवरण ते कुरतडतात. एका वायरीला लागलेले दात मीटर, एबीएस आणि फॅन यांना एकाच वेळी बंद पाडू शकतात. मीटर उघडण्याआधी बोनेट उघडून वायरिंगवर टॉर्च मारणे स्वस्त पडते.

आणि तिसरे, बाहेरून बसवलेली उपकरणे. डॅशकॅम, मोठी म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, जास्त वॉटचे बल्ब. बसवणाऱ्याला जवळची वायर हवी असते आणि चावीनंतर चालू होणारी जवळची वायर पुष्कळदा मीटरचीच असते. ती सोलून त्यावर दुसरी गुंडाळून वर टेप लावली जाते. वर्षभरात टेप सुकतो, जोड सैल होतो. असे काही बसवले असेल तर ते आधी पूर्ण काढून पाहावे. जंप-स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या असतील, तर तेही लपवू नये. त्यात मुख्य फ्यूज आणि कधी मीटरची आतली सर्किट दोन्ही जातात.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडल्यावर गाडीतील प्रत्येक कंट्रोल युनिटने नोंदवलेल्या तक्रारी वाचता येतात. मीटरच्या बाबतीत वारंवार दिसणारा कोड म्हणजे यू ०१५५. ‘मीटरशी संपर्क तुटला’ एवढाच त्याचा अर्थ. मीटर खराब आहे, असे तो म्हणत नाही. मीटरला वीजच मिळत नसेल तरीही बाकीची युनिट हीच तक्रार करतील. हा कोड दाखवून नव्या मीटरचे कोटेशन पुढे आले, तर मधली तपासणी राहिली आहे असे समजावे.

त्यापेक्षा बोलका प्रश्न असा, की पडदा काळा असताना स्कॅनर मीटरशी बोलू शकतो का? बोलू शकला, तर पुरवठा, अर्थ आणि जाळे तिन्ही ठीक. दोष मीटरच्या पडद्यात किंवा प्रकाशात. कंपनीच्या किंवा चांगल्या दर्जाच्या स्कॅनरवरून काटे शून्यापासून टोकापर्यंत फिरवून पाहण्याची सोयही असते. काही गाड्यांत ट्रिपचे बटण दाबून धरून चावी ऑन केली की मीटर ही कवायत स्वतःच करते. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारी स्वस्त उपकरणे मात्र बहुधा इंजिनापुरतेच बोलतात. त्यावर मीटर दिसले नाही म्हणून घाबरू नये.

जाळ्याची तपासणी मल्टिमीटरनेही होते. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजला, तर तो साधारण ६० ओहम यायला हवा. जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात, त्यांचा तो एकत्रित परिणाम. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत यातला एक रोधक खुद्द मीटरमध्येच बसवलेला असतो. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि जाळे यांच्यामध्ये गेटवे नावाचा पहारेकरी असल्याने हा आकडा वेगळा येतो. त्यामुळे त्या गाडीचा वायरिंग नकाशा समोर नसेल, तर या आकड्यावरून निकाल देऊ नये.

मीटरच खराब निघाले तर बदलावेच लागते का?

नेहमी नाही. मीटरच्या आत सर्वाधिक बिघडतात त्या साध्या गोष्टी. उन्हात तापून रात्री थंड होण्याच्या चक्राने कपलरच्या पिनांचे सोल्डर तडकते. युरोपात विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या फोर्ड फोकसमध्ये हा दोष इतका परिचित झाला, की डॅशबोर्डवर थाप मारल्यावर मीटर जागे होणे हीच त्याची ओळख बनली. तिथे चावीची ओळख मीटरमध्ये असल्याने मीटर मेले की गाडीही सुरू होत नसे. उपाय होता पिनांना पुन्हा सोल्डर करणे. अमेरिकेत २००३ नंतरच्या काही वर्षांतल्या जनरल मोटर्सच्या ट्रक आणि एसयूव्हींमध्ये स्टेपर मोटर थकल्याने काटे भलतीकडेच अडकत. मोटर बदलून ती मीटर आजही दुरुस्त केली जातात.

थाप मारल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर किंवा गाडी तापल्यावर मीटर येत-जात असेल, तर सुटलेला जोड असण्याची शक्यता अधिक. तो मीटरच्या आत असेल किंवा मागच्या कपलरमध्ये. मोठ्या शहरांत केवळ मीटर आणि ईसीएम दुरुस्त करणारे कारागीर असतात. बॅकलाइट, कपॅसिटर, सोल्डर ही त्यांची रोजची कामे. पाणी शिरून सर्किट बोर्डच खाल्ला गेला असेल किंवा पूर्ण डिजिटल पडदा फुटला असेल, तर मात्र नवे मीटर घेणे भाग पडते. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर मीटर उघडू देऊ नये. उघडल्याची खूण दिसली की दावा अडचणीत येतो.

किलोमीटर आणि चावीचे काय?

गाडी किती चालली, हा आकडा बहुतेक गाड्यांत मीटरमधल्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. काही कंपन्या त्याची दुसरी प्रत अन्य युनिटमध्येही ठेवतात. नवे मीटर शून्यावर येते. जुन्या बाजारातून आणलेले मीटर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर घेऊन येते. ८५ हजार चाललेली गाडी एका दुपारी ३० हजारांची होते. हेतू वाईट नसला तरी पुढच्या खरेदीदाराच्या दृष्टीने ती फसवणूकच. अमेरिकेच्या कायद्यात यासाठी स्पष्ट तरतूद आहे. दुरुस्तीनंतर जुना आकडा बसवता येत नसेल तर मीटर शून्यावर ठेवायचे आणि आधीचा आकडा व तारीख लिहिलेली पट्टी डावीकडच्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची.

भारतातील गाडीमालकाने किमान एवढे करावे, की काम सुरू होण्याआधी जॉब कार्डावर आणि नंतर बिलावर जुन्या मीटरचा आकडा, नव्याचा आकडा आणि तारीख लिहून घ्यावी. जुने मीटर मेलेले असल्याने आकडा दिसत नसेल, तर शेवटच्या सर्व्हिसचे बिल किंवा स्कॅनरवरची नोंद उपयोगी पडते. पुढे गाडी विकताना हाच कागद दाखवता येतो.

चावीचा प्रश्न सगळ्या गाड्यांत नसतो. पण पुण्याजवळ चाकणला बनलेल्या पोलोसह फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखणारी यंत्रणा, मीटरमध्येच असते. तिथे दुसरे मीटर नुसते जोडले तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. नवे मीटर, इंजिनाचे युनिट आणि सगळ्या चाव्या यांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी दोन्ही चाव्या सोबत न्याव्यात आणि कोडिंगचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, हे आधीच विचारावे. ‘मीटर स्वस्तात मिळाले’ म्हणणाऱ्यांची फजिती बहुधा इथे होते.

मीटर बंद असताना गाडी चालवावी का?

जवळच्या गॅरेजपर्यंत, दिवसा, सावकाश जाता येईल. वेग मोबाइलच्या नकाशावर कळतो. पण मोबाइल ऑइल प्रेशर सांगत नाही. तो लाल दिवा पेटल्यावर इंजिन बंद करायला काही क्षणच हातात असतात, आणि मीटर मेलेले असताना तो पेटूच शकत नाही. तापमानाचेही तेच. लांबच्या प्रवासात, विशेषतः घाटात, हा धोका मीटरच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. रात्री हाय बीम चालू आहे की नाही, हेही चालकाला कळत नाही. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा असलेला, ताशी ८० आणि १२० किलोमीटरला वाजणारा वेगाचा इशाराही अनेक गाड्यांत मीटरमधूनच येतो. तोही गप्प होतो.

दोष कंपनीचाच असेल तर?

मारुती सुझुकीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रँड व्हिटाराच्या ३९,५०६ गाड्या परत बोलावल्या, त्या मीटरमधील इंधनाचा काटा आणि इशाऱ्याचा दिवा चुकीची माहिती देण्याच्या शक्यतेमुळे. डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ दरम्यान बनलेल्या या गाड्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत फोर्डने सुमारे ३ लाख ५५ हजार पिकअप ट्रकसाठी रिकॉल जाहीर केला; गाडी सुरू करताना मीटरचा पडदाच उजळत नव्हता. तिथे उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा, मीटर बदलण्याचा नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद भारतातही आली आहे. गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी क्रमांक टाकून पाहता येते. तो आरसी बुकावर असतो. शोधायला दोन मिनिटे लागतात आणि यादीत गाडी असेल, तर सदोष भाग बदलण्याचे पैसे मालकाला द्यावे लागत नाहीत.